मेहबूब पटेल ते शाहीर अमर शेख : एका कलावंताची वाट

(छत्रपती संभाजीनगर येथे कार्यकर्ते आणि विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर.)



मला आज 'बहुरूपी कलावंत' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. गाणारा, अभिनय करणारा, पडद्यावर दिसणारा, लिहिणाराही, असा एखादा माणूस निवडा आणि त्याच्याबद्दल सांगा, असं संयोजकांनी सुचवलं. हल्ली असा माणूस म्हटलं की डोळ्यांसमोर टीव्हीवरचे चेहरे येतात. आज मालिकेत, उद्या गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक, परवा सिनेमात. त्यात वाईट काही नाही. पण मी जो माणूस निवडला आहे, त्याच्या आयुष्यात टीव्ही आलाच नाही. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि हा माणूस 29 ऑगस्ट 1969 ला गेला. तरी त्या काळच्या महाराष्ट्रात त्याचा आवाज ठाऊक नाही असा कामगार वस्तीतला माणूस सापडणं अवघड होतं. हा माणूस म्हणजे शाहीर अमर शेख.

इथे बसलेल्या किती तरुणांना हे नाव माहीत आहे, असा प्रश्न मी विचारणार नाही. कुणाला खजील करायला मी आलेलो नाही. मुसलमान समाजात आणि मराठी समाजात, दोन्हीकडे, त्यांची आठवण अर्धीमुर्धीच उरली आहे. मला आज सांगायचं आहे ते इतकंच : आपल्या कलावंताला आपण पुरता ओळखून घेतला नाही, तर नुकसान त्याचं होत नाही, आपलं होतं.

त्यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म 20 ऑक्टोबर 1916 चा, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचा. बार्शी म्हणजे मराठवाड्याचा उंबरठाच. त्या काळी बार्शी इंग्रजांच्या मुलखात होती आणि काही कोसांवर निजामाचं राज्य सुरू व्हायचं. घर गरीब मुसलमानाचं. आईचं नाव मुनेरबी. लोकगीतांचा वारसा मेहबूबला मिळाला तो या आईकडून.

इथे क्षणभर थांबतो. मुसलमान बाई आणि मराठी लोकगीतं, हे ऐकून आज काही जणांच्या भुवया वर जातात. पण दख्खनमध्ये हे नवं नाही. जात्यावर दळताना आणि चरख्यावर सूत कातताना बायकांनी म्हणावीत म्हणून सुफींनी दखनी बोलीत गाणी रचली होती. त्यांना चक्कीनामा आणि चरखानामा म्हणतात. शेजारच्या घरात जात्यावर ओवी चालायची, तशी या घरात चक्कीनाम्याची ओळ चालायची. जातं एकच, पीठही एकच. मुनेरबीचा मुलगा पुढे मराठी शाहीर झाला, त्यात चमत्कार काही नव्हता. तो या मातीचा साधा हिशेब होता.

गाणं घरात होतं, पण गाण्यावर पोट भरण्याची सोय नव्हती. मेहबूबने बसवर क्लीनरचं काम केलं, मग गिरणीत कामगार झाला. राष्ट्रीय चळवळीचे दिवस होते, त्यात तो ओढला गेला. गिरणीतल्या संपात पुढे राहिला आणि तुरुंगात गेला. नगर जिल्ह्यातल्या विसापूरच्या तुरुंगात त्याला डाव्या विचारांची माणसं भेटली. ज्याला शाळेत फार शिकता आलं नाही, त्याला तुरुंगाने शिकवलं. त्या पिढीतल्या कितीतरी कार्यकर्त्यांची गोष्ट अशीच आहे.

नंतर तो कोल्हापूरला गेला. कोल्हापूर तेव्हा मराठी सिनेमाचं माहेर. मास्टर विनायक यांच्या चित्रपटसंस्थेत त्याने काही काळ काढला आणि मेहबूब पटेलचा 'अमर शेख' तिथेच झाला, असं सांगितलं जातं.

या नावाकडे नीट बघा. त्याच दशकात हिंदी सिनेमात मुसलमान कलावंत नावं बदलत होते. युसुफ खान दिलीप कुमार झाले, मुमताज जहाँ मधुबाला झाली, महजबीन मीना कुमारी झाली. त्यांना दोष देता येणार नाही. बाजाराची अटच तशी होती. या बार्शीच्या तरुणाने मात्र नाव बदलताना पहिला शब्द मराठी घराघरातला घेतला आणि दुसरा शब्द 'शेख' ठेवला. त्याने काही लपवलं नाही आणि काही मिरवलंही नाही. पुढे अनेक वर्षं महाराष्ट्राने या दोन शब्दांना एका दमात हाक मारली.

आता त्यांच्या मुख्य कामाकडे येऊ. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लालबावटा कलापथक उभं केलं. वर्षभर आधी, 1943 मध्ये, मुंबईत 'इप्टा' म्हणजे इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनची स्थापना झाली होती. देशभर कवी, नट, गायक रस्त्यावर उतरत होते. मराठीत ते काम या कलापथकाने केलं.

हे लोक नेमकं काय करायचे, ते तरुणांसाठी सांगतो. तमाशाचा बाज सगळ्यांना ओळखीचा होता. आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गवळण, म्हणजे कृष्ण आणि गवळणींची छेडछाड. मग बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे गोष्ट. कलापथकाने हा सांगाडा मोडला नाही, त्याच्या आतला माल बदलला. गणात देवाऐवजी मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आलं. गवळण गळाली. वगात सावकार, काळाबाजारवाला, निवडणुकीला उभा राहणारा पुढारी आला. अण्णाभाऊंच्या 'अकलेची गोष्ट' किंवा 'देशभक्त घोटाळे' या वगांची नावंच पुरेशी बोलकी आहेत. लोक हसायला यायचे आणि हसता हसता घरी प्रश्न घेऊन जायचे.

या सगळ्यात अमर शेखांचं हत्यार म्हणजे आवाज. पहाडी आवाज हा शब्द आपण आता कुणालाही लावतो. त्यांच्या बाबतीत तो कामाचा शब्द होता. चाळींच्या मधल्या मैदानात, गिरणीच्या दारात, गावच्या पारावर, जिथे लाऊडस्पीकर असेलच असं नाही, तिथे शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा होता. डफावर थाप पडली आणि हा माणूस उभा राहिला की सभा बसायची. वक्त्यांच्या आधी त्यांना उभं करायचे, कारण गर्दी जमवणं आणि गर्दीला एकचित्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम शाहिरालाच जमतं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने या कलापथकावर बंदी घातली. डफ, तुणतुणं आणि चार-सहा माणसं, पण सरकारला त्यांचा धाक वाटला. मनोरंजन म्हणजे हलकी गोष्ट असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे लक्षात ठेवावं. हलक्या गोष्टीवर कुणी बंदी घालत नाही.

मग आला संयुक्त महाराष्ट्राचा लढा. मराठवाड्यातल्या श्रोत्यांना मी हे वेगळ्या कारणासाठी सांगतो. 1948 च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं. त्यानंतरचे दिवस मराठवाड्यातल्या मुसलमानांसाठी कठीण होते. रझाकारांच्या पापाचा जाब गावातल्या साध्या मुसलमानाला विचारला जात होता. आणि हे घडून दहा वर्षंही झाली नव्हती, तेव्हा मराठी भाषकांचं एक राज्य व्हावं म्हणून महाराष्ट्रभर ज्याचा आवाज घुमत होता, तो एका मुसलमानाचा होता. 1956 च्या फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समिती झाली. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. या चार वर्षांत आचार्य अत्र्यांची लेखणी, एस. एम. जोशी आणि कॉम्रेड डांगे यांचं नेतृत्व, प्रबोधनकारांचा फटका आणि अमर शेख-अण्णाभाऊंचा डफ एका मांडवाखाली होते. अत्र्यांनी अमर शेखांना महाराष्ट्राचे मायकोव्हस्की म्हटलं. मायकोव्हस्की म्हणजे रशियन क्रांतीचा कवी. अत्रे कौतुकात हात आखडता घेणारे नव्हतेच, पण हे कौतुक पुढे टिकलं.

अण्णाभाऊंनी लिहिलेली 'माझी मैना' ही छक्कड तुम्ही सर्वांनी ऐकली असेल. गावी राहिलेल्या बायकोसाठी मुंबईतल्या कामगाराचा जीव तुटतो आणि तीच तूट पुढे महाराष्ट्रापासून तुटलेल्या भागांची होते. लिहिणारे मातंग समाजातले अण्णाभाऊ, आणि ती लोकांच्या तोंडी बसवणाऱ्या आवाजांत पुढे होता मुसलमान घरातल्या अमर शेखांचा. मराठी अस्मितेचं हे गाणं कुणाकुणाच्या घामातून आलं आहे, ते मराठी अस्मितेच्या नावाने आज जे बोलतात त्यांनाही सांगायला हवं आणि जे त्या शब्दापासून बिचकतात त्यांनाही.

हे आवाजाचं काम झालं. पण ते फक्त गात नव्हते. 'कलश' हा त्यांचा कवितासंग्रह 1958 चा, 'धरतीमाता' 1963 चा. 'अमरगीत' हा गीतांचा संग्रह आहे, 'पहिला बळी' हे नाटक आहे. 'युगदीप' आणि 'वक्त की आवाज' ही नियतकालिकं त्यांनी चालवली. पहिलं नाव मराठी, दुसरं हिंदुस्तानी. दोन भाषांतून निघणाऱ्या आपल्या अंकाच्या वाचकांना ही जोडी परकी वाटायचं कारण नाही. ज्या माणसाला दोन भाषांत लोकांशी बोलायचं असतं, त्याला एक भाषा घरची आणि एक बाहेरची असं वाटत नाही. दोन्ही घरच्याच असतात.

आणि मग सिनेमा. अत्र्यांच्या 1954 च्या 'महात्मा फुले' या चित्रपटात अमर शेख होते. बाबूराव पेंढारकर जोतिबा झाले होते. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. पण अभिनेता म्हणून त्यांची खरी ओळख 1961 च्या 'प्रपंच'ने दिली. कथा ग. दि. माडगूळकरांची, दिग्दर्शन मधुकर पाठक यांचं, संगीत सुधीर फडक्यांचं. खेड्यातला गरीब कुंभार, घरात पोरांचं लेंढार, चाक फिरतंय पण चूल पेटत नाही. अमर शेख हा कुंभार झाले आणि त्याची बायको झाल्या सुलोचनाबाई. कुटुंब लहान ठेवा हा त्या चित्रपटाचा सांगावा. सरकारी फलकावर तो सांगावा कोरडा वाटतो. पडद्यावरच्या त्या थकलेल्या बापाकडे बघताना तो पोटात शिरतो. गिरणीत आणि बसवर राबलेल्या माणसाला गरिबीचा अभिनय वेगळा शिकावा लागला नसेल.

या चित्रपटातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. विठ्ठलाला वेडा कुंभार म्हणणारं आणि जगाची घडण चाकाच्या रूपकातून सांगणारं ते प्रसिद्ध गाणं 'प्रपंच'मधलं. आषाढीला ते आजही वाजतं. शब्द गदिमांचे, चाल आणि आवाज सुधीर फडके म्हणजे बाबूजींचा. म्हणजे ज्या शाहिराचा स्वतःचा आवाज मैदानं भरून टाकायचा, त्याच्या चित्रपटात आवाज दुसऱ्याचा होता. बाबूजी संघाच्या संस्कारातले, दादरा-नगरहवेली मुक्त करायला 1954 मध्ये जीव धोक्यात घालून गेलेले. अमर शेख लाल बावट्याचे, जन्माने मुसलमान. विचारांच्या दोन टोकांची ही माणसं एका कुंभाराच्या गोष्टीत शेजारी उभी राहिली. कुणी कुणाचा विचार सोडला नाही. काम मोठं असलं की माणसं शेजारी उभी राहू शकतात, आणि कलेच्या मांडवात ही सोय जितकी असते तितकी राजकारणात नसते. ती सोय आपण जपली पाहिजे.

आता प्रश्न येतो, इतक्या ठिकाणी वावरलेल्या माणसाला काय म्हणायचं? गायक, कवी, नट, संपादक, कार्यकर्ता? माझ्या मते त्यांनी माध्यमं बदलली, काम बदललं नाही. मैदानात डफ लागतो म्हणून डफ घेतला. कागदावर छंद लागतो म्हणून कविता लिहिली. पडद्यावर गप्प चेहरा लागतो म्हणून चेहरा दिला. सांगायचं होतं ते एकच : राबणाऱ्याला माणसासारखं जगता आलं पाहिजे. आज आपली मुलं रील बनवतात, गाणी म्हणतात, स्टँड-अप करतात. त्यांना मी सांगेन की दहा गोष्टी जरूर करा. पण दहा गोष्टींमध्ये एक धागा असू द्या. धागा असला की त्याला आयुष्याचं काम म्हणतात. तो नसला तर ती नुसती धावपळ होते.

आपल्या शहरातलंच उदाहरण घ्या. बशर नवाज साहेब, 1935 साली इथे जन्मले, 2015 मध्ये इथेच गेले. वली आणि सिराज यांच्या औरंगाबादचे शायर. दूरदर्शनच्या 'अमीर खुसरो' मालिकेसाठी त्यांनी लिहिलं, आणि 1982 च्या 'बाजार' चित्रपटातली त्यांची गझल खय्याम यांच्या संगीतात भूपिंदर सिंग यांच्या आवाजात देशभर पोचली. तो चित्रपट कशाबद्दल होता, आठवतं ना? गरीब मुसलमान घरातल्या पोरींना आखातात पैसा कमावलेल्या बड्या वयाच्या नवरदेवाला विकण्याबद्दल. ज्या प्रश्नावर बोलताना आपल्या सभांमध्ये आवाज चढतात, तो प्रश्न सागर सरहदी यांनी तीन तासांच्या आत घराघरात नेला. बशर साहेबांची गझल आज लोक प्रेमाची म्हणून गुणगुणतात. ती कुठल्या जखमेच्या शेजारी ठेवली होती, ते विसरतात. कलावंताला अर्धा लक्षात ठेवणं म्हणजे हेच.

आता जरा अवघड भागाकडे येतो. आपल्या समाजात गाणं-बजावणं, नाटक-सिनेमा यांकडे बघण्याची नजर साफ नाही. संगीत जायज की नाजायज, यावर उलेमांमध्ये जुने मतभेद आहेत. मी त्यात निवाडा द्यायला पात्र नाही. पण इतिहास माझ्यासमोर आहे. इथून जवळच, खुल्दाबादेत, बुऱ्हानुद्दीन गरीब यांची दर्गाह आहे. निजामुद्दीन औलियांचे हे मुरीद चौदाव्या शतकात दख्खनमध्ये आले. समा म्हणजे संगीताची मैफल ही त्यांच्या इबादतीचा भाग होती. त्यांच्या मंडळींच्या डोलण्याला त्यांच्या नावाची ओळख मिळाली. पेशवाईच्या अखेरीस सगनभाऊ नावाचा जेजुरीचा शाहीर होऊन गेला. तो मुसलमान, धंद्याने शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारा. त्याच्या लावण्या आणि पोवाडे मराठी साहित्याच्या इतिहासात सन्मानाने येतात. म्हणजे गाणारा मुसलमान हा काही अमर शेखांपासून सुरू झाला नाही.

तरीही घरात मुलगा गायला लागला की आपण म्हणतो, अभ्यास कर. मुलगी नाटकात जायचं म्हणाली तर घरात सन्नाटा. पण तोच मुलगा किंवा तीच मुलगी टीव्हीवर जिंकली की मोहल्ल्यात फलक लागतो. हा दुटप्पीपणा आहे. कलावंत घडताना आपण लाज बाळगायची आणि घडून आल्यावर अभिमान बाळगायचा, असं चालणार नाही. अभिमानाचा हक्क लाज गिळणाऱ्याला नसतो, साथ देणाऱ्याला असतो.

दुसऱ्या बाजूचंही सांगतो. मुसलमान कलावंत म्हटला की त्याने कव्वाली म्हणावी, उर्दू बोलावं, असं बहुसंख्य समाज धरून चालतो. तो मराठी बोलला की 'मराठी किती छान बोलता हो' असं कौतुक होतं. कौतुक करणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण बार्शीच्या पटलाच्या पोराने मराठी छान बोलावं, यात नवल ते काय? ज्याने मराठी राज्य येण्यासाठी घसा फोडला, त्याच्या लेकरांना मराठीचं प्रमाणपत्र मागू नये. त्यांची लेक मलिका अमर शेख मराठीतल्या महत्त्वाच्या कवयित्री आहेत. घरात आई-वडिलांचे धर्म वेगळे होते, आणि त्या घरातून आलेल्या कवितेने मराठीत भरच घातली.

1969 हे साल महाराष्ट्राच्या या पिढीसाठी फार क्रूर ठरलं. 13 जूनला आचार्य अत्रे गेले. 18 जुलैला अण्णाभाऊ गेले, गोरेगावच्या छोट्याशा घरात, जवळजवळ कफल्लक. 29 ऑगस्टला इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. वय बावन्न. अडीच महिन्यांत लेखणी गेली, शब्द गेला आणि आवाज गेला. तीन वर्षांनी मुंबईत दूरदर्शन आलं. थोडं आधी आलं असतं, तर त्यांचा एखादा पोवाडा आपल्याला बघायला मिळाला असता. आज त्यांच्या आवाजाचं जे उरलं आहे ते फार थोडं आहे. मुंबई विद्यापीठात लोककलेसाठी त्यांच्या नावाचं अध्यासन आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण अध्यासनाने आवाज परत येत नाही.

म्हणून शेवटी मी तुमच्याकडे तीन कामं मागतो. भाषणाला टाळ्या देऊ नका, ही कामं द्या.

पहिलं काम. तुमच्या प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. तुमच्या गल्लीत म्हातारे कव्वाल आहेत, बँडमध्ये सनई आणि क्लॅरिनेट वाजवणारे आहेत, मोहरमचे मर्सिये म्हणणाऱ्या बायका आहेत, हळदीच्या रात्री दखनी गाणी म्हणणाऱ्या नानी-दादी आहेत. त्यांच्यापाशी बसा. परवानगी घ्या, नाव-गाव-वय विचारा, कुणाकडून शिकलात ते विचारा आणि आवाज टिपून ठेवा. मुनेरबीची गाणी कुणी टिपली नाहीत. तुमच्या घरातल्या मुनेरबीची टिपता येतील, आणि त्यासाठी कुठल्या अनुदानाची वाट बघायला नको.

दुसरं काम. 20 ऑक्टोबर हा अमर शेखांचा जन्मदिवस. त्या दिवशी एका मराठी शाळेत आणि एका उर्दू शाळेत मिळून एकच कार्यक्रम करा. मुलांना त्यांची गोष्ट सांगा. त्यांची आणि अण्णाभाऊंची गाणी मुलांच्याच तोंडून म्हणवून घ्या. मराठी शाळेतल्या मुलाला कळू दे की हा शाहीर शेख होता. उर्दू शाळेतल्या मुलाला कळू दे की हा शेख मराठी शाहीर होता. दोघांना एकाच मांडवात कळलं तर जास्त बरं.

तिसरं काम घरातलं आहे आणि तेच सगळ्यात कठीण. तुमच्या घरात एखादं लेकरू गुणगुणत असेल, नकला करत असेल, वहीच्या मागच्या पानावर काही लिहीत असेल, तर त्याला एकदा तरी म्हणा, 'सुना तो सही' किंवा 'म्हण की जरा मोठ्याने.' शिक्षण सोडायला सांगू नका, अभ्यास हवाच. पण त्याचा आवाज दाबू नका. बार्शीच्या त्या गरीब घरात मुनेरबीने आपल्या पोराला गप्प बसवलं असतं, तर महाराष्ट्राच्या लढ्याचा एक मोठा आवाज कमी झाला असता.

अमर शेख कम्युनिस्टांचे होते, मुसलमानांचे होते, मराठी माणसाचे होते, गिरणी कामगारांचे होते. प्रत्येकाने त्यांचा आपापला तुकडा उचलला आणि बाकीचा माणूस मागे राहिला. तो सगळा माणूस आपण परत आणू या. त्याची सुरुवात या शहरातून, या सभागृहातून व्हावी, एवढीच माझी विनंती आहे.